छबूला विचारलं नव्हतं

मिरजगावच्या लोकांनी मिल्काबाईंची जात शोधायचा नाद तिसऱ्या वर्षी सोडून दिला. नाव किरिस्तावासारखं, कपाळाला कुंकू नाही, बोलणं मात्र कोकणातल्या माणसाचं, आणि शनिवारी बाई शेतात पाय ठेवत नाहीत. एकदा चावडीवर कुणीतरी सरळ विचारलंच. तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही इस्रायली, म्हणजे यहुदी. माझे आजोबा पेणच्या बाजूला तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे." तेली म्हटल्यावर मंडळींना हायसं वाटलं. तेली त्यांना माहीत होते.

मिल्का वाक्रुळकर मुंबईला एम.एस्सी. होऊन १९३८ साली गावाबाहेरच्या सरकारी ज्वारीच्या शेतावर आली, तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. फुलोऱ्याच्या दिवसांत पहाटे दवात उभं राहून कणसांना कागदी पिशव्या चढवायच्या, म्हणजे एकाचा पराग दुसऱ्यावर उडत नाही. कोणत्या कणसाची कोणाशी गाठ घालायची ते आपण ठरवायचं आणि पुढच्या साली ते दाणे वेगळे पेरून बघायचं, आईबापाचं काय काय पोरांत उतरलं. तिचं काम ते एवढंच. हे काम तिला इतकं आवडायचं की पगाराचा दिवस ती विसरायची.

आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिला वाफ्यात विंचू चावला. गावच्या दवाखान्यातली नर्स बैलगाडीतून आली. अंबिका तिचं नाव. नगरच्या एका भिक्षुकाची मुलगी, अकराव्या वर्षी विधवा झालेली, बापानं भाऊबंदांशी भांडून पुण्याला सुईणपण शिकायला पाठवलेली. तिनं रात्रभर मिल्काचा पाय मांडीवर घेऊन थंड पाण्याच्या पट्ट्या बदलल्या आणि सकाळी म्हणाली, "इतकी बडबड करणारी रोगी मी पाहिली नाही." चार महिन्यांनी अंबिकाची ट्रंक शेतावरच्या बंगलीत आली. दोघी एकट्या बायका, एकीला दुसरीची सोबत, असं गावानं मानलं आणि ते खोटं नव्हतं. बंगलीत दोन खाटा होत्या. एकीवर पुस्तकं रचलेली असत.

मिल्काला स्वतःबद्दलचं खरं कॉलेजातच कळलं होतं. मैत्रिणी ज्या हुरहुरीनं पोरांविषयी बोलत, ती तिला एका मैत्रिणीविषयीच वाटत असे. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. अंबिकाला सांगावं लागलंच नाही. अंबिका फक्त म्हणाली होती, "मला वाटायचं जगात मीच एक आहे." त्यानंतर आठ वर्षं दोघींचा संसार कुणाच्या डोळ्यांवर न येता सुखात चालला होता. मुंबईचा भाऊ स्थळं कळवी आणि ती त्याला ज्वारीची खबर कळवी.

आता छबूची गोष्ट. शेतावर पिशव्या चिकटवायला सावलीत बसणाऱ्या बायका होत्या, त्यांत गावातल्या सहादेवाची थोरली लेक छबू होती. छबू जन्मापासून पांढरी. कातडी, केस, पापण्या, सगळं कापसासारखं. ऊन तिला सोसायचं नाही, डोळे दिवसा मिटमिटायचे. लोक कोड म्हणायचे. ते कोड नव्हतं, हे मिल्काला पहिल्या दिवशीच कळलं, कारण तिच्या वाफ्यांत असंच व्हायचं. उत्तम, हिरव्यागार ज्वारीचा पराग त्याच कणसाला दिला आणि ते दाणे पेरले की कधीकधी चारांतलं एक रोप पांढरं फटक उगवायचं. आईबाप दोघांच्या अंगात लपलेलं असतं, म्हणून पोरात उघडं होतं.

माणसातही असंच आहे का, हे बघायचा तिला ध्यास लागला. १९४३ साली तिनं सहादेवाला विचारलं. तो म्हणाला, "लिवा की बाई, त्यात काय हाय." मग तिनं तीन पिढ्यांची नावं लिहून घेतली. जिथं सहादेवाला आठवेना, तिथं अंबिकाला विचारलं. अंबिका सुईण, मिरजगावच्या पंचक्रोशीतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. कुणाचं मूल जन्मताच गेलं, कुणाचं कसं होतं, हे ती संध्याकाळी चुलीपाशी सांगायची आणि मिल्का ऐकायची. मिल्कानं मोठ्या जाड कागदावर तक्ता काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, पांढऱ्या जन्मलेल्याचा आकार काळ्या शाईनं भरीव, प्रत्येकाखाली नाव. तक्ता इतका सुबक झाला होता की ती अधूनमधून नुसता उलगडून बघायची.

१९४६च्या दिवाळीआधी आबासाहेब शेतावर आले. संगमनेरकडचे मोठे बागायतदार, खादीचा कोट, इंग्रजी चांगलं. त्यांनी नगरला 'सुप्रजा मंडळ' काढलं होतं.

"स्वराज्य येतंय, मिल्काबाई," ते म्हणाले. "प्रजा निरोगी हवी. खिलार बैलाची वंशावळ आपण सात पिढ्या तोंडपाठ सांगतो आणि माणसाचं लग्न मात्र पत्रिका बघून करतो. तुमच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आम्हाला मदत करायला हवी. आणि रागवू नका, तुम्ही स्वतः लग्न केलं नाहीत हे मला पटत नाही. तुमच्या बुद्धीची बी वाया चाललीय."

मिल्का हसली. पण एवढा मोठा माणूस आपलं काम समजून बोलतोय, याचं तिला बरंही वाटलं. तिनं तक्ता दाखवला. त्यांनी अभ्यासाला म्हणून मागितला आणि तिनं गुंडाळून दिला. नावं कापून द्यावीत असं मनात आलं होतं. पण मग तक्त्याची शोभा गेली असती.

नोव्हेंबरात नगरला शेतकी प्रदर्शन भरलं. दोघी सर्व्हिस मोटारीनं गेल्या. अंबिकाला लोकरीचं सूत घ्यायचं होतं. बैलांचा मांडव, कोंबड्यांचा मांडव, खतांच्या पोत्यांचा मांडव आणि त्याच्याशेजारी सुप्रजा मंडळाचा. तिथं मिल्काचा तक्ता रंगाऱ्याकडून दुप्पट मोठा करून टांगला होता. भरीव गोल तांबडे केले होते. वर लिहिलं होतं, 'सदोष घराणे'. खाली सगळी नावं, गावासकट. एक फेटेवाला काठीनं एकेक नाव दाखवत शेजाऱ्याला वाचून दाखवत होता. "मिरजगावचं हाय बघ. ह्या सहादेवाची धाकली आपल्या तिसगावात दिलीय न्हवं? कानिफनाथाला?"

मिल्का आपलाच तक्ता बघत राहिली. गेल्या वर्षी मुंबईला भावाकडे असताना तिनं सिनेमाआधी लढाईचा बातमीपट पाहिला होता. तारांच्या कुंपणामागचे सांगाडे, तिच्याच देवाची माणसं. भाऊ रडला होता. ती रडली नव्हती, कारण तिला कॉलेजातलं एक कपाट आठवत होतं. वंश सुधारण्याची जर्मन पुस्तकं, चांगल्या बांधणीची, आत असेच तक्ते, चौकोन आणि गोल. तिनं ती आवडीनं वाचली होती.

अंबिका तक्त्याजवळ गेली. तिनं दोन-तीन नावं बोटानं तपासली. मग मिल्काकडे वळली आणि हळूच म्हणाली, "हे मी तुला चुलीपाशी सांगितलं होतं. कागदासाठी नव्हतं."

परतताना मोटारीत अंबिका खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, वाढलं, पण बोलली नाही. आठ वर्षांत असं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दिवेलागणीला शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा दिवा लावायचा, तर मिल्काच्या दोन काड्या विझल्या. अंबिकानं तिसरी ओढून दिली.

"अंबू, मी चुकले," मिल्का म्हणाली.

"माझ्याशी चुकलीस ते मी बघून घेईन. आधी त्यांच्याकडे जा," अंबिका म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत जे बघितलं ते बाहेर काढायचं नाही, ही आम्हा सुइणींची पहिली शिकवण. तुझ्या शास्त्रात असं काही शिकवत नाहीत का?"

"नाही," मिल्का म्हणाली. आणि तिला जाणवलं की हे उत्तर अगदी खरं आहे.

रविवारी सकाळी दोघी सहादेवाच्या घरी गेल्या. सोयरीक मोडली होती. तिसगावहून निरोप आला होता, की मुलाच्या बापाला हे घराणं नको. धाकटी रतन चुलीमागं बसून होती. सहादेव ओट्यावर होता, त्यानं बसा म्हटलं नाही. मिल्का उभ्यानंच बोलली. तक्ता आपला, नावं आपण लिहिली, आबासाहेबांना आपण दिला, नावं कापायची अक्कल झाली नाही. काहीही झाकलं नाही.

"मीच लिवा म्हन्लो हुतो," सहादेव म्हणाला. "दोष कुनाला देऊ?"

तेवढ्यात छबू दारात आली. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला. "बाई, तुमी माज्या बापाला इचारलं," ती म्हणाली. "मला कुटं इचारलं? काळा गोल तर माजा हुता. मी तुमच्या मांडवात रोज पिशव्या चिकटवीत हुते, धा हातावर. एकदा हाक मारली असती."

तेव्हा सोळा वर्षांच्या असलेल्या त्या मुलीला विचारायचं असतं, हे मिल्काच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

छबूची आई झुंबरबाई मघापासून धुमसत होती. ती म्हणाली, "आन त्यो आबासाहेब कोन मोठा लागून गेला? माजी आई त्यांच्याच भावकीतली. त्याची सख्खी धाकली भन छबीसारकीच हाय. पांढरी. जल्मल्याबरोबर आत्याकडं पोचवली, नाव सुदिक काढीत न्हाईत. लावा म्हनावं तिचा बी तक्ता!"

"आये, गप," छबू म्हणाली.

"का गप? आपलीच अब्रू..."

"मी बघितलीय तिला. मढीच्या जत्रंत. तिनं माज्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. बोललो न्हाई. हातात बांगड्या हुत्या, लेकरू हुतं कडंवर. तिचं घरदार हाय. तिला कशाला उनात वडायची?" मग ती मिल्काकडं वळली. "बाई, तुमी ह्ये कुटं बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार," मिल्का म्हणाली.

पंधरा दिवसांनी आबासाहेबांचं पत्र आलं. नगरला मंडळाची सभा होती. ठराव असा, की जिल्ह्यातल्या प्रत्येक घराण्याची नोंद करायची, ती वही गावोगावच्या चावडीवर उघडी ठेवायची आणि सदोष घराण्यांशी सोयरीक करू नये असं जाहीर करायचं. ठरावाला मिल्काबाईंनी शास्त्रज्ञ म्हणून अनुमोदन द्यावं.

"जाऊ नकोस असं वाटतं," अंबिका म्हणाली. "आणि गेली नाहीस तर ते तुझ्या तक्त्यावरच ठराव करतील."

"तू येशील?"

"न येऊन काय करू? तुला सभेत बोलायची सवय नाही. पाणी कोण देईल?"

सभेला दोनअडीचशे माणसं होती. वकील, मास्तर, डॉक्टर, पुढच्या रांगेत जहागीरदार आणि बागायतदार, बायकांच्या बाजूला पंधरा-वीस जणी. व्यासपीठामागं तोच तांबड्या गोलांचा तक्ता. आबासाहेबांनी छान भाषण केलं आणि मिल्काचं नाव पुकारलं.

ती उठली. तिनं बायकांच्या रांगेत बघितलं. अंबिका तांब्या मांडीवर घेऊन बसली होती.

"हा तक्ता मी काढला," मिल्का म्हणाली. "तो बरोबर आहे. म्हणजे रेघा बरोबर आहेत. वर जे 'सदोष' लिहिलंय ते माझं नाही आणि ते शास्त्रही नाही. मी गेली आठ वर्षं ज्वारी पिकवते. जिल्ह्यातली सर्वांत टपोरी, सर्वांत उंच ज्वारी माझ्याकडे आहे. त्यातली अशी एक जात नाही, जिच्यात काही ना काही लपलेलं निघालं नाही. कुणात पांढरं रोप, कुणात बुटकं, कुणात वांझ कणीस. लपलेलं असेल ते सगळं उपटायचं म्हटलं, तर उद्या नगर जिल्ह्याला भाकरी मिळणार नाही. माणसाचंही असंच आहे. तक्ता या एका घराचा काढला म्हणून एवढंच घर दिसतंय. तुमचा काढला नाही."

पुढच्या रांगेत हालचाल झाली. आबासाहेब तिच्याकडे बघत होते, आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते फक्त तिलाच समजलं. एक वाक्य बोलायचं होतं. एका वाक्यात ठराव कोसळला असता, मंडळ कोसळलं असतं, तक्ता खाली आला असता. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिला मढीच्या जत्रेतली ती कडेवर लेकरू घेतलेली बाई दिसली, जिला तिनं कधी बघितलं नव्हतं. तिनं पाणी मागितलं. अंबिकानं येऊन तांब्या दिला.

"वही करायचीच असेल तर पहिलं नाव माझं लिहा," ती पुढं म्हणाली. "मिल्का वाक्रुळकर. आमच्या चिमुकल्या समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग आहेत. माझी आजी काळ्यांतली. तिला गोऱ्यांच्या पंगतीत बसू देत नसत. म्हणजे मी शुद्ध नाही. लिहा. आणि युरोपात माझ्या धर्माची माणसं कशी मारली ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंय. तिथं सुरुवात बंदुकीनं झाली नव्हती. शिकलेल्या, चांगल्या माणसांनी असेच तक्ते टांगले होते. मी तसली पुस्तकं वाचून शहाणी झालेय, म्हणून सांगते."

मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमचं लग्न नाही, लेकरूबाळ नाही. तुम्हाला प्रजेचं काय सांगायचंय?"

लोक हसले. मिल्काही थोडी हसली. "खरं आहे. तक्त्यात माझ्याखाली रेघ येणार नाही. माझं घर मात्र भरलेलं आहे, ते कुठल्या चौकोनात बसत नाही एवढंच. अशी कितीतरी माणसं असतील जी तुमच्या वहीत बसणार नाहीत, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवलंय का?" मग तिचा आवाज स्थिर झाला. "ज्वारीला मी विचारत नाही. हवी ती ठेवते, नको ती उपटते. माणसाला विचारावं लागतं. मी विचारलं नाही. बापाला विचारलं आणि लेकीला विसरले. त्यापायी एका मुलीचं लग्न मोडलं. म्हणून माझी एवढीच मागणी आहे, की विचारल्याशिवाय कुणाचं नाव लिहायचं नाही, आणि जे कळेल ते ज्याचं त्याला सांगायचं. निर्णय त्याचा. ठरावाला माझं अनुमोदन नाही."

टाळ्या फारशा झाल्या नाहीत. पण पुढच्या रांगेतले एक जहागीरदार शेजारच्या सुमंत वकिलांच्या कानाला लागले, सुमंत उठले आणि त्यांनी मोठ्या गोड शब्दांत ठराव पुढच्या सभेपर्यंत स्थगित ठेवावा असं सुचवलं. भराभर हात वर झाले. मिल्काचं बोलणं किती जणांना पटलं आणि किती जणांना स्वतःच्या घराचा तक्ता डोळ्यांपुढं दिसला, हे सांगणं कठीण. पुढची सभा काही भरली नाही.

मंडप रिकामा होत असताना आबासाहेब तिच्याजवळ आले. हातात दोन गुंडाळ्या, रंगाऱ्याची मोठी आणि तिची मूळ. त्यांनी दोन्ही तिला दिल्या.

"तुम्हाला माहीत होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"काय माहीत असायला हवं होतं, आबासाहेब?"

ते दुसरीकडं बघत म्हणाले, "अशा माणसाचे डोळे... काही करता येतं का त्याला?"

"काळा चष्मा पुण्याला मिळतो," मिल्का म्हणाली. "उन्हात जाताना अंगभर कापड हवं. बाकी माणूस ठणठणीत असतं. एखाद्याला वाटलं, तर त्यांनी जाऊन भेटावं. त्यांना बरं वाटेल."

त्यांनी मान हलवली आणि ते गेले. भेटले की नाही, हे तिला कधी कळलं नाही.

बाहेर टांगा बघत उभ्या असताना अंबिकानं तिचा हात धरला, भर रस्त्यात. "कुठल्या चौकोनात बसत नाही म्हणे," ती म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागला होता."

"राग गेला?"

"अर्धा. बाकीचा घरी जाऊन."

मूळ तक्ता मिल्कानं छबूच्या हातात दिला. "हा तुझा. जाळ, फाड, ठेव." छबूनं तो डोळ्यांजवळ नेऊन पुष्कळ वेळ बघितला. तिला वाचता येत नव्हतं. "ह्यात माजी आजी कुटली?" तिनं विचारलं. मिल्कानं दाखवली. छबूनं त्या गोलावर बोट ठेवलं, मग घडी घालून तक्ता घरी नेला आणि लुगड्याखाली पेटीत ठेवला. त्यानंतर ती संध्याकाळी अंबिकाकडे अक्षरं शिकायला येऊ लागली.

जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत एक उंच, लाजरा तरुण शेतावर आला. तिसगावचा कानिफनाथ, ज्याच्याशी रतनचं ठरलं होतं तोच. बापानं मोडलं होतं, त्यानं नव्हतं. आबासाहेबांच्या सभेत बाई काय बोलल्या ते त्याच्या मास्तरांनी त्याला सांगितलं होतं.

"मला खरं काय ते सांगा," तो म्हणाला. "पोरं तशी हुतील का?"

"सांगेन. पण तुम्हाला एकट्याला नाही," मिल्का म्हणाली. "रतनच्या रक्ताची गोष्ट आहे, ती रतनसमोर. तिची हरकत नसेल तर दोघं या."

असं दोघांनी येणं रिवाजाला धरून नव्हतं. म्हणून पुढच्या शनिवारी छबू त्यांच्याबरोबर आली. ओसरीवर सतरंजी टाकली, अंबिकानं गूळ-शेंगदाणे ठेवले. रतन पदराचं टोक पिळत बसली होती. मिल्कानं आधी तिला विचारलं, "सांगू?" रतननं मान हलवली. मिल्कानं सुपातले ज्वारीचे दाणे घेऊन मांडले. दोन पांढरे, दोन तांबडे, पांढरा म्हणजे लपलेलं, मुलाला आईकडून एक, बापाकडून एक.

"रतनमध्ये ते लपलेलं असण्याचा बराच संभव आहे. असेलच असं नाही. तुमच्या घराण्याचं आणि यांचं तीन पिढ्यांत नातं नाही म्हणता, म्हणजे तुमच्यात असण्याचा संभव फार थोडा. दोघांकडून आलं तरच मूल पांढरं होतं. आणि दोघांत असलं, तरी प्रत्येक खेपेला चारांत एक. म्हणजे बहुतेक होणार नाही. होणारच नाही असं मी लिहून देणार नाही."

कानिफनाथानं दाणे स्वतः मांडून बघितले, दोनदा. मग रतन पहिल्यांदा बोलली. "आन तुमच्या वाफ्यातली पांढरी रोपं, बाई? ती मरत्यात म्हनं."

"मरतात. हिरवेपणाशिवाय रोपाला अन्न करता येत नाही," मिल्का म्हणाली. "तुझ्या अक्काला भाकरी खाता येते. इथं ज्वारी आणि माणूस वेगळे झाले."

छबू खळखळून हसली. मिल्कानं तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. "आन झालंच तर?" छबू बहिणीला म्हणाली, "झालंच तर माज्यासारखं हुईल. मावशी शिकवंल त्याला, सावलीसावलीनं कसं चालायचं ते. मी काय मेले व्हय?"

कानिफनाथ तिच्याकडं, मग रतनकडं बघत म्हणाला, "मला चालतंय. तुमचं काय?"

"चालतंय," रतन पदराला म्हणाली.

त्याच्या बापाला पटायला चैत्र उजाडला. वैशाखात लग्न लागलं. मांडवात छबू नवा काळा चष्मा लावून मिरवत होती. तो अंबिकानं पुण्याहून मागवला होता. पोरं तिच्यामागं 'सायबीन, सायबीन' करत फिरत होती आणि तिला ते आवडत होतं.

मिल्कानं त्या उन्हाळ्यात एका मासिकाला लेख पाठवला, माणसांची वंशावळ कशी काढावी आणि कधी काढू नये याबद्दल. छापून आल्यावर खात्याच्या वरिष्ठांनी लेखी विचारणा केली, की ज्वारीच्या शास्त्रज्ञाला ही उठाठेव कशाला. तिनं उत्तर दिलं, ज्वारीचं काम पूर्ण करून उरलेल्या वेळात. त्यावर पुढं काही आलं नाही. पत्रं मात्र यायला लागली. संगमनेरहून, पाथर्डीहून, एकदा थेट बेळगावहून. बहिऱ्या मुलाची आई, सहा बोटांचा एक शिक्षक, मामेबहिणीशी लग्न करावं का विचारणारा एक कारकून. काही जण स्वतःच येत. बाई शनिवारी शेतात जात नाहीत हे सगळ्यांना माहीत झालं होतं, म्हणून शनिवारीच येत. त्या दिवशी मिल्का लिहायची नाही, तेव्हा आलेल्यांचं फक्त ऐकायची, आणि अंबिका शेजारी बसून मधूनच विचारायची, "तुमच्या घरच्यांना विचारलंत का, की तुम्ही इथं आलाय?"

भावाचं शेवटचं स्थळ त्या पावसाळ्यात आलं, ठाण्याचे एक विधुर, पोस्टात हुद्द्यावर. मिल्कानं त्याला लिहिलं, की मी इथं सुखी आहे, एकटी नाही आणि हे तू आता समजून घे. ते पत्र तिनं अंबिकाला वाचून दाखवलं. अंबिकानं 'सुखी'च्या आधी 'फार' घालायला सांगितलं, आणि मिल्कानं घातलं.